दहा मोटारींचा रस्ता

नव्या भारताच्या उभारणीत प्रत्येक सुशिक्षित माणसाने खेड्यात जाऊन आपला वाटा उचलला पाहिजे, हे विधान मी गेल्या दोन-तीन वर्षांत निदान चाळीस व्यासपीठांवरून ऐकले आहे आणि दोन व्यासपीठांवरून स्वतः केलेही आहे. म्हणून मीही तो वाटा उचलला, हे येथे नमूद करतो. गेल्या पौषात मी भंडारा जिल्ह्याच्या गोंदिया तहसिलीत पाच दिवस राहून आलो. तेथे मी विहीर खणली नाही, साक्षरतेचा प्रसार केला नाही, भाषणही केले नाही. मी मोटारीने एक नाला ओलांडला.

यामागची हकीकत थोडी अगोदरपासून सांगायला हवी. हेतरामजी बिसेन हे साजटोल्याचे शेतकरी. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, घरात अजून पोवारी बोलतात, आणि धानाच्या बांध्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही जमिनीला ते जमीन मानीत नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा नागपुरात आमच्या मागच्या खोलीत राहून कॉलेजात शिकत होता. मी तर्कशास्त्र शिकवतो, आणि मुलगा नेमका तर्कशास्त्रात नापास झाला. तरी हेतरामजी दर वर्षी चिन्नोर तांदळाचे पोते न चुकता पाठवीत राहिले. कृतज्ञतेचा तर्काशी संबंध नसतो, हे मला त्या पोत्याने शिकवले.

साजटोल्याहून दवनीवाड्याकडे येणाऱ्या गाडीवाटेवर एक नाला आहे. पावसाळ्यात तो एकदा चढला की दोन-दोन दिवस उतरत नाही. त्या पौषाच्या दीड वर्ष आधीच्या श्रावणात हेतरामजींच्या थोरल्या सुनेला, कौसल्येला, कळा लागल्या तेव्हा तिला बाजेवर घालून नाल्यापर्यंत आणले आणि पाणी उतरण्याची वाट पाहत ती बाज काठावरच राहिली. कौसल्या वाचली, मूल राहिले नाही. आता येत्या आषाढात ती पुन्हा बाळंत होणार होती.

हेतरामजींनी पूल मागितला नव्हता. दगडी फरशीचा, खालून चार नळ टाकलेला रपटा मागितला होता. कचेरीने एक नमुना भरून मागितला. त्यात एक रकाना होता : या मार्गावरील मोटारींची वाहतूक. हेतरामजी खरे बोलणारे, त्यांनी लिहिले, 'नाही.' अर्ज परत आला. मोटार जात नाही म्हणून रपटा नाही, आणि रपटा नाही म्हणून मोटार जात नाही. माझ्या विषयात या प्रकाराला एक नाव आहे. कचेरीत त्याला फाइल म्हणतात.

मग त्यांचे मला कार्ड आले. 'मास्तरजी, तुमी मोटार घेतली असं समजलं. बाईले घेऊन या. अर्ज पुन्हा देला, सोमवारी ओव्हरसियर साहेब मोटारी मोजाले येऊन राहिले.'

गुरुवार, गोंदिया

मोटार मी एका निवृत्त जंगल अधिकाऱ्याकडून घेतली होती. ती विलायती, लढाईच्या आधीची. तिचा स्वभाव तापट होता, पण तो त्या अधिकाऱ्याबरोबर राहून झाला असेल आणि प्राध्यापकाच्या घरी निवळेल, असे मी धरून चाललो होतो. आमची सौभाग्यवती मालती तिला 'बंब' म्हणते. नागपूर ते गोंदिया या प्रवासाचे वर्णन करीत नाही. वाटेत आम्ही अकरा ठिकाणी थांबलो, त्यांपैकी नऊ ठिकाणे आम्ही निवडलेली नव्हती.

गोंदियात शिरले की महाराष्ट्र संपल्यासारखा वाटतो. पाट्या हिंदी, भांडणे हिंदी, चहावाल्याचा आग्रह हिंदी. हवेत कोंड्याची धूळ आणि विडीच्या पानांचा वास. एका भातगिरणीसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेत होतो आणि बंब बाहेर उभा राहून वाफ सोडीत होता. गिरणीतून एक उंच, दाढीवाला मनुष्य हात पुसत आला आणि न विचारता झाकण उघडून आत डोकावला.

"साब, ऊपर की नली छूओ."

मी वरच्या रबरी नळीला बोट लावले आणि झटकन काढले. भाजले.

"अब नीचे की."

खालची नळी थंडगार होती.

"मतलब पानी घूम ही नहीं रहा. इंजन का पानी इंजन में उबल रहा है. बीच में दरबान बैठा है, वो सो गया है. थर्मोस्टॅट मर गया इसका."

मी विचारले, "आप मोटर का काम करते हैं?"

"नहीं साब, राइस मिल का इंजन देखता हूँ. गफूर फिटर बोलते हैं."

मी त्यांचे आभार मानले आणि पुढे निघालो. भातगिरणीच्या फिटरचे मोटारीविषयीचे मत हा पुरावा होऊ शकत नाही, असे मी मालतीला समजावून सांगितले.

"त्यांनी हात लावून पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही काय लावलंत?"

मी अनुमान लावले होते.

दवनीवाडा ओलांडला आणि नाल्याच्या अलीकडे अर्ध्या मैलावर बंबाने मान टाकली. नाल्याकाठी सगळा टोला, म्हणजे सगळी वस्ती, स्वागताला उभा होता. हेतरामजी पुढे आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, हातात झेंडूचा हार. त्यांनी एकदा वाफेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि हार माझ्या गळ्यात घातला.

"बैल जुपू का जी?"

दुसरा उपाय नव्हता. नाला पौषात घोट्याएवढाच होता, पण दोन्ही काठ उभे होते. दोन बैलांनी बंबाला ओढत पलीकडे नेले. मी चक्र धरून, हार घालून, गंभीर चेहऱ्याने आत बसलो होतो. मिरवणुकीत बसलेली सगळी मोठी माणसे आतून अशीच असतात काय, याचा विचार करायला मला बराच वेळ मिळाला.

"बरं झालं साहेब आज नाई आले," हेतरामजी बैलांच्या बाजूने चालता चालता म्हणाले. "हे पाहिलं असतं तं बैलगाडी म्हनून लिवून घेतलं असतं."

ते हसत नव्हते.

शुक्रवार, साजटोला

आमच्या सातारा भागात पाहुणा आला की त्याला पाणी हवे का म्हणून विचारतात. साजटोल्यात विचारत नाहीत. ओसरीला पाय लागताच लोटाभर कोमट पाणी पायांवर पडते, मग हातात पितळी पेल्यातून पेज येते. पेज म्हणजे तांदूळ सैल शिजवून काढलेले पातळ, पांढरे पेय, किंचित मीठ घातलेले. ते प्यायल्यावर नागपूरपासूनची धूळ खाली बसली. हेतरामजींच्या पत्नी जानकाबाई, बुटक्या, रुंद, पदर घट्ट खोचलेल्या, यांनी माझ्या पायांनंतर मोटारीच्या चारही चाकांवर पाणी घातले. मला ते आवडले. गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी मी त्यांना म्हणालो, "सकाळी गार झाली की हिला पाणी पाजायला सांगा."

माझा हा शब्द चुकला, हे सकाळी समजले.

सकाळी जवसाच्या चटणीबरोबर तांदळाच्या भाकरी खाऊन मी मोटार सुरू केली. हेतरामजी शेजारी बसले. त्यांना सोमवारची रंगीत तालीम हवी होती. धानाच्या पुंजण्यांना वळसा घालून आम्ही निघालो. पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग. पौषात ते घरांपेक्षा उंच असतात आणि घरांपेक्षा चांगले बांधलेले. तिसऱ्या पुंजण्यापाशी मला शिजलेल्या भाताचा वास आला. कोणाच्या तरी घरी लवकर चूल पेटली असेल, असे वाटले. चौथ्यापाशी उष्णतेचा काटा वर गेला, आणि पाचव्यापाशी पाण्याच्या टाकीचे टोपण उडून त्यातून पांढरा, दाट फेस उसळू लागला. टोल्यातली कुत्री धावत आली आणि मडगार्ड चाटू लागली.

मी खाली उतरून फेसाला बोट लावले.

"हे काय भरलंय?"

जानकाबाई मागून येतच होत्या. "पेज जी."

"मोटारीत?"

"मंग? घरी आलेल्या पावन्याले कोनी साधं पानी देते का? येवढ्या दुरून आली, रस्ताभर तोंडातून वाफ काढत आली. मानसाले देतो, तं तिले काऊन नाई?" मग माझा चेहरा पाहून त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाळून टाकली जी. एक शीत नाई जाऊ देलं. अन् मीठ नाई टाकलं. लोखंडाले मीठ सोसत नाई."

लोखंडाची एवढी काळजी माझ्या ओळखीच्या एकाही मोटारवाल्याने घेतलेली नाही.

कोणी हसले नाही. हेतरामजी पेजेच्या त्या ओघळाकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी बोटांवर मोजले : शनिवार, इतवार. दोन बोटांवर येऊन थांबले. जानकाबाई मुकाट्याने परत फिरल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. दाराच्या आडून कौसल्या पाहत होती. ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेते, पण कोणाकडे पाहते आहे ते कळते. ती सासूकडे पाहत होती.

मालती म्हणाली, "आता तरी त्या गफूरभाईंना बोलवाल ना?"

हेतरामजींचा गडी सायकलीवर गोंदियाला गेला.

शनिवार

गफूरभाईंचा निरोप सकाळी आला. धानाचे दिवस, गिरणी रात्रंदिवस चालू, ते रविवारी येतील. तोवर गरम पाण्याने आतले सगळे धुऊन काढायचे. आणि थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायची नाही.

पहिले काम टोल्याने केले. गावामागच्या बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, कावडींनी पाणी आले, जानकाबाईंनी ते चुलीवर तापवले, आणि आम्ही ते वरून ओतून खालून सोडत राहिलो. पहिल्या दोन खेपांना दूध निघाले, तिसरीला ताक. दुपारपर्यंत पाण्यासारखे पाणी येऊ लागले.

दुसऱ्या सूचनेवर मी विचार केला. दरबान झोपला आहे आणि त्यामुळे वाट बंद आहे. मग दरबानालाच काढून टाकले की वाट मोकळी. यात तर्कदोष सापडेना. जेवणानंतर, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि पोपटाच्या शेंगांची भाजी पोटात असताना (पोपट म्हणजे इकडचे वाल, पक्षी नव्हे, हे मालतीने खात्री करून घेतले होते) मी पाना घेतला, दोन बोल्ट काढले आणि थर्मोस्टॅट बाहेर काढला. लहानसा पितळी भाता, वर एक झडप. पाणी तापले की भाता फुगतो, झडप उघडते, पाणी टाकीकडे निवायला जाते. सगळे यंत्र अंगठ्याएवढे. त्याच्यावर पेजेची साय वाळून बसली होती.

ते खिशात घालून मी गाडी नाल्यापर्यंत नेली. नाल्यापर्यंतच गेली. त्या वेळी तिने वाफ सोडली ती गुरुवारपेक्षा जास्त.

परत आणायला बैल तयारच होते. त्यांना सवय झाली होती.

त्या संध्याकाळी हेतरामजी मला बोडीकडे घेऊन गेले. काठावर ढीवर बायका शिंगाडे उकडून विकत होत्या. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ते सोलत होतो.

"मास्तरजी," ते म्हणाले, "तुमाले त्या मिस्त्रीनं काढू नका म्हनलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मंग काढलं कायले?"

"मला वाटलं..."

"आमचा पोट्टा बी परीक्षेत तसंच लिवत होता," ते शांतपणे म्हणाले. "त्याले वाटे."

मी पुढचा शिंगाडा सोलला.

रविवार

गफूरभाई सकाळी नऊला सायकलीवर आले. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे न पाहता हेतरामजींना विचारले, "निकाल के चलायी न?"

त्यांनी समजावून सांगितले ते असे. काही इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात, एक टाकीकडे जाणारी लांबची आणि एक इंजिनातच फिरणारी जवळची. दरबान जागा असला की तो वेळ आली म्हणजे लांबची उघडतो नि जवळची बंद करतो. त्याला काढून टाकले तर पाणी जवळच्याच वाटेने फिरते, कारण पाणी आळशी असते. "पढ़े-लिखे आदमी जैसा," ते म्हणाले, आणि मालती एवढी हसली की कौसल्येलाही पदराआड हसू आले.

रुमालाच्या गाठीतून त्यांनी दुसरा थर्मोस्टॅट काढला. लढाईनंतर लष्कराच्या मोडक्या लॉऱ्या विकल्या गेल्या, त्यांतल्या एकीचा. कडा जरा मोठी होती, पण ती कानशीने घासता येईल. आधी तो जिवंत आहे का, ते पाहायला हवे. त्यासाठी पाणी तापवायचे, त्यात दोन्ही दोरीने सोडायचे, नि कोणता केव्हा उघडतो ते पाहायचे.

"अस्सी डिग्री के आसपास खुलना चाहिए. थर्मामीटर है किसी के पास?"

ताप पाहायचेसुद्धा टोल्यात कोणाकडे नव्हते. तेव्हा दोन दिवस न बोललेल्या जानकाबाई चुलीपासून बोलल्या.

"आधण किती आलं ते मले पुसा ना."

त्यांनी भाताचा मोठा गंज चुलीवर चढवला, अर्धा भरला, आणि जुना व नवा असे दोन्ही थर्मोस्टॅट सुतळीने पळीच्या दांड्याला बांधून आत सोडले. आम्ही सगळे भोवती बसलो. जानकाबाई पाण्याकडे पाहत नव्हत्या, कान देऊन ऐकत होत्या.

"आता तळाले राई दिसून राहिली." खरोखर तळाशी मोहरीएवढे बुडबुडे होते. "अजून थांबा." बऱ्याच वेळाने गंज बारीक गुणगुणू लागला. "हे बोलाले लागलं. आता तांदूळ टाकाची येळ नाई, पन धुवाले घ्याची येळ झाली."

त्याच क्षणी लॉरीच्या थर्मोस्टॅटची झडप हळूच वर उचलली गेली. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करतो. जुना तसाच मिटलेला. पाणी खळखळा उकळले, भाताचे आधण झाले, तरी तो मिटलेलाच.

"यही अस्सी है," गफूरभाई म्हणाले. "बाईजी ख़ुद मीटर हैं. बिगाड़ा भी इन्होंने, पकड़ा भी इन्होंने."

"बिघडला तो आधीच होता," मी म्हणालो. "गुरुवारी गोंदियात तुम्ही मला सांगितलं होतंत. पेज नंतर पडली." हे मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असे. जानकाबाईंनी गंज उतरवला आणि दुपारी मला भात दुप्पट वाढला.

कानस झाली, कडा बसली. आता एकच अडचण उरली. थर्मोस्टॅटवरच्या झाकणाखालची कागदी गादी, मिस्त्रीलोक जिला पॅकिंग म्हणतात, ती काढताना फाटली होती. तिच्याशिवाय पाणी गळणार. गफूरभाईंनी जुने कॅलेंडर पाहिले, पातळ म्हणून टाकले. वहीचा पुठ्ठा पाहिला, भिजून फुगेल म्हणून टाकला. मग त्यांची नजर फडताळावर गेली. तेथे लाल फडक्यात काही गुंडाळून ठेवले होते.

"वो क्या है?"

हेतरामजी अवघडले. "ते मानपत्र होय जी. मास्तरजीचं. उद्या साहेबासमोर द्याचं होतं."

गफूरभाईंनी ते उलगडून कागद बोटांत दाबून पाहिला. जाड, घट्ट, गुळगुळीत, सोनेरी किनार, गोंदियाला मुद्दाम छापून घेतलेले.

"इससे अच्छा कागज़ पूरे तालुके में नहीं मिलेगा."

हेतरामजींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, खुशाल कापा. पण ते तयार होईनात. "न वाचता कसं कापता जी? वाचल्याबिगर ते देलंच नाई म्हनावं लागते."

तेव्हा मानपत्र आधी वाचायचे आणि मग कापायचे, असे ठरले. मी उघड्या इंजिनाशेजारी उभा राहिलो, कोपरापर्यंत काळा. गफूरभाईंनी टोपी सारखी केली. हेतरामजींनी खणखणीत आवाजात वाचले. त्यात मी विद्वद्वर्य होतो, आधुनिक युगाचा अग्रदूत होतो, माझ्या पदस्पर्शाने ही भूमी पावन झाली होती, आणि माझे आगमन पहाटेच्या सूर्यासारखे होते. गुरुवारचे माझे आगमन बैलांनीही पाहिले होते, आणि ते समोरच रवंथ करीत उभे होते. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. हेतरामजींनी मानपत्र दोन्ही हातांनी मला दिले, मी ते कपाळाला लावून गफूरभाईंना दिले, आणि त्यांनी ते झाकणावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकायला सुरुवात केली. कडेवर कागद आपोआप कापला जातो. मधले भोक नेमके 'विद्वद्वर्य'वर आले. बाजूच्या कड्यात माझे नाव आणि 'अग्रदूत' राहिले.

त्याला मोबिल तेल चोपडून त्यांनी ते बसवले, वर झाकण, दोन बोल्ट, घट्ट.

"साब," ते हात पुसत म्हणाले, "अब आप अंदर हैं."

सोमवार, नाला

ओव्हरसियर साहेब सकाळी दहाला सायकलीवर आले. सडपातळ, चष्मा, पायजम्याला क्लिपा लावलेल्या. त्यांच्यासाठी मोहाच्या झाडाखाली खुर्ची मांडली होती. ते हार घेईनात, नारळ घेईनात, चहा तेवढा घेतला. त्यांनी नमुन्याचा कागद गुडघ्यावर ठेवला. मी गाडी टोल्याहून आणली, काठ उतरलो, पाण्यातून गेलो, पलीकडचा काठ चढलो. इंजिन स्वतःच्या पायांवर. सगळा टोला ओरडला.

साहेबांनी पेन्सिलीने एक रेघ मारली आणि थांबले.

"हेतरामजी, एक गाडी आली, ते खरं. पण नमुन्यात दिवसाला किमान दहा मोटारी लागतात. दहाच्या खाली असल्या तर फाइल पुढे जात नाही."

दहा मोटारी मी गोंदियातसुद्धा एका दिवसात पाहिल्या नव्हत्या. हेतरामजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"साहेब, गेली ते एक झाली ना?"

"हो."

"वापस येईन ते?"

"गाडी तीच आहे हो."

"गाडी तीच, पन जानं अलग, येनं अलग. कागदात गाडी पुसली का जानं-येनं पुसलं?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचला. "'मार्गावरून एका दिवसात जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारी.'" ते बराच वेळ वाचत राहिले. ओळ एकच होती. मग त्यांनी चष्मा पुसला. "कोणाच्या मोटारी, ते विचारलेलं नाही. मी इथं बसतो. जे नाल्यातून जाईल ते लिहितो. मात्र मोटार स्वतःच्या बळावर गेली पाहिजे. बैल लागला की ती मोटार नाही."

माझ्या विद्यार्थ्याचा बाप माझा पेपर सोडवून मोकळा झाला होता.

मी फिरलो. दोन. पुन्हा गेलो. तीन. चौथ्या खेपेला मालतीने कौसल्येला मागच्या सीटवर बसवून घेतले. पाण्याच्या मध्यावर ती मालतीला म्हणाली, "बाई, पावसात पानी कुठवर येते, दाखवू?" तिने काठावरच्या मोहाच्या खोडावरची एक गाठ दाखवली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. साहेबांची खुर्ची तिच्या बरीच खाली होती. बाज कोठे ठेवली होती, ते विचारायला लागले नाही.

सहाव्या खेपेनंतर काटा वर सरकू लागला. सातवीला उभा काठ चढताना तो लाल खुणेच्या अगदी कडेला गेला. मी गाडी थांबवली. इंजिन बंद करून निववावे तर तासभर जाणार, आणि पुन्हा सुरू न झाली तर बैल. गफूरभाई गिरणीवर परतले होते. हेतरामजी माझ्याकडे पाहत होते, नि मी काट्याकडे.

जानकाबाई काठावरून खाली आल्या. टाकीपासून हातभर अंतरावर उभ्या राहून त्यांनी मान वाकडी केली आणि ऐकले.

"अजून आधण नाई आलं जी," त्या म्हणाल्या. "बोलून राहिलं फकत. जाऊ द्या."

मी गेलो. काठाच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा काटा एकदम दोन खुणा खाली आला. आत कोठे तरी लॉरीतल्या दरबानाने वाट उघडली होती. आठ. नऊ. दहाव्या खेपेला साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी रेघ मारली, बेरीज लिहिली, सही केली, आणि मग पहिल्यांदा नारळ घेतला. जानकाबाईंनी त्यांना पेज दिली. मिठाची.

त्यांना दवनीवाड्यापर्यंत मी सोडून आलो, सायकल मागे बांधून. ती अकरावी फेरी. ती मात्र त्यांनी लिहिली नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला मोजणी करता येत नाही, असे ते म्हणाले.

या गोष्टीला आता आठ-नऊ महिने झाले. हेतरामजींचे कार्ड श्रावणात आले. रपटा ज्येष्ठात बांधून झाला. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणार होते, पण त्यांना वेळ नव्हता, तेव्हा जानकाबाईंनी नारळ फोडला. आषाढात कौसल्येला वेळेवर गोंदियाच्या दवाखान्यात नेता आले. मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघीही ठीक. 'पानी रपट्याच्या खालून जाऊन राहिलं होतं,' हेतरामजींनी लिहिले, 'अन् वरून आमची खासर.' खासर म्हणजे तिकडची बैलगाडी.

मानपत्राची पॅकिंग अजून गळत नाही. साजटोल्याच्या रस्त्यावरून त्या सोमवारनंतर आजपर्यंत एकही मोटार गेलेली नाही.